आज प्यायलोय, मग गोळी नको

एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राच्या, टेबलावर डबी उपडी होते आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात. डबी तीस गोळ्यांची, महिना तीस दिवसांचा. समजा, तिसाव्या दिवशी आलेल्या माणसाच्या डबीतून आठ गोळ्या निघाल्या. आठ हा आकडा समुपदेशकाच्या चांगला ओळखीचा असतो. महिन्यात चार शनिवार, चार रविवार. शनिवारी मुकादम हप्ता वाटतो, रविवारी सुट्टी. गावाकडचा माणूस असेल तर चारच गोळ्या उरतात, कारण तिथे मजुरी बाजाराच्या दिवशी हातात पडते.

“दादा, शनिवार-रविवारच्याच राहिल्यात ना?” असं सरळ विचारलं की माणूस आधी मान खाली घालतो आणि मग खरं सांगतो. “त्या दिवशी घेतलेली असते. दारूवर गोळी घेतली तर रिॲक्शन येईल. म्हणून नाही घेत.”

या उत्तरात बेफिकिरी कुठेच नाही. हा माणूस गोळी विसरलेला नाही. त्याला ती आठवली, त्याने विचार केला आणि स्वतःच्या जिवाला जपण्यासाठी ती बाजूला ठेवली. एचआयव्हीच्या उपचारात दारूने जे नुकसान होतं, त्याचा मोठा वाटा या समजुतीतून येतो. दारू आणि गोळी पोटात एकत्र गेल्याने जेवढं बिघडतं, त्याहून कितीतरी जास्त गोळी न गेल्याने बिघडतं.

आज सरकारी केंद्रांवर बहुतेक मोठ्या माणसांना जी गोळी मिळते तिला टीएलडी म्हणतात. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. या तिन्ही औषधांचं दारूशी असं कुठलंही भांडण नाही की दोन्ही एकत्र आली म्हणून माणूस कोसळेल. क्वार्टर मारून आलेल्या माणसाने त्याच रात्री ही गोळी घेतली तरी ती आपलं काम करते. म्हणून सांगायचं वाक्य स्वच्छ असायला हवं: दारू कमी करा, जमलं तर सोडा, पण प्यायलात त्या दिवशीही गोळी घ्या. हे वाक्य सगळ्या केंद्रांवर एवढ्या स्वच्छपणे सांगितलं जात नाही, याचं वाईट वाटतं. डॉक्टर म्हणतात, “या गोळ्यांवर दारू चालणार नाही.” त्यांना म्हणायचं असतं, पिऊ नका. ऐकणाऱ्याच्या डोक्यात जातं ते असं की दोन्हींपैकी एकच चालेल. शनिवारी संध्याकाळी त्या दोन्हींतलं कोण जिंकणार हे सांगायला नको.

समजुतीला मुळंही आहेत. जुलाबावरच्या मेट्रोनिडाझोलवर दारू घेऊ नका असं केमिस्ट सांगतो. त्याहून खोल मूळ डायसल्फिरामचं. ही दारू सोडवण्याची गोळी. ती पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. माणसाला सगळं समजावून, लिव्हर तपासून, त्याच्या संमतीने दिली तर ती उपयोगाची आहे. पण ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून किंवा कोणाच्या सांगण्यावरून बायका ती आमटीत कालवून देतात. नवरा बाहेर पिऊन येतो आणि अंगणात पडतो. गल्लीने ते पाहिलेलं असतं. त्यानंतर त्या गल्लीत गोळी आणि दारू यांचं वैर कायमचं पक्कं होतं, आणि त्यात एचआयव्हीची गोळीही येते. न सांगता डायसल्फिराम देणं जिवावर बेतू शकतं. लिव्हर आणि हृदय कमजोर असलेल्या माणसाच्या बाबतीत तर नक्कीच.

मग वेळेचा प्रश्न. बरीच माणसं अजूनही गोळी रात्री नऊ-दहाला घेतात. ही सवय आधीच्या औषधाची आहे. २०२० च्या सुमारास टीएलडी यायला लागली, त्याआधी बहुतेकांना टीएलई, म्हणजे डोल्युटेग्राविरच्या जागी एफाविरेन्झ असलेली गोळी, मिळायची. त्यातल्या एफाविरेन्झमुळे गरगरायचं, रंगीबेरंगी भीतीदायक स्वप्नं पडायची, काहींचं मन पार खचायचं. म्हणून ती झोपताना घ्यायला सांगत, म्हणजे त्रास झोपेत निघून जाईल. औषध बदललं, घड्याळ मात्र तेच राहिलं. टीएलडी दिवसात कधीही, जेवणाआधी किंवा जेवणानंतर घेता येते. पिणाऱ्या माणसाची रात्रीची नऊची वेळ म्हणजे दिवसातली सगळ्यात बेभरवशाची वेळ. तीच गोळी सकाळच्या चहाबरोबर आणली की निम्मं काम होतं. सकाळी हात थरथरत असेल, डोकं ठणकत असेल, तरी चहा होतोच. बदल करताना फार विचार करावा लागत नाही. रात्री घेतली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू करायची. एकदा बारा तास आधी घेतल्याने काही होत नाही. डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते, त्यांनाही सकाळचीच वेळ सोयीची.

सकाळच्या वेळेत एक अडचण आहे, ती पिणाऱ्यांना नेमकी आडवी येते. रात्रीच्या दारूने पोटात जळजळ असते आणि माणूस उठल्या उठल्या ॲसिडिटीचं सिरप तोंडाला लावतो. त्यातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्युटेग्राविरला धरून ठेवतं आणि औषध आतड्यातून रक्तात फार थोडं जातं. गोळी घेतली, हिशोबात बसली, उपयोग फार थोडा. गोळी आधी घ्यायची आणि सिरप त्यानंतर दोन तासांनी. सिरप आधी घेतलं गेलं तर गोळीसाठी सहा तास थांबायचं. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलने टीएलडीला अडथळा होत नाही, तेव्हा जळजळ रोजचीच असेल तर डॉक्टरांकडून ते लिहून घेणं बरं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही असंच गणित आहे, फक्त जेवणाबरोबर दोन्ही एकत्र घेतल्या तर चालतं.

गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी होऊन पडली तर पुन्हा घ्यायची. सकाळची राहिली तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन एकदम नकोत. आणि चार दिवस किंवा चार महिने खंड पडला तरी परत यायचं. “कोर्स तुटला, आता काय उपयोग” हे वाक्य फार ऐकू येतं. टीबीच्या कोर्सची भाषा इथे चिकटलेली आहे. ही आयुष्यभराची गोळी, तिचा कोर्स पूर्ण होत नसतो, म्हणून तो तुटतही नाही. खंड मोठा असेल तर सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) पाहावं लागतं, खोकला, ताप, वजन विचारून टीबी तपासावा लागतो, पण दार बंद होत नाही. हेपटायटिस बी असलेल्या माणसाने मात्र खंड पाडूच नये. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. गोळी अचानक बंद झाली की तो उसळतो, आणि दारूने आधीच सुजलेल्या लिव्हरला ते झेपत नाही.

आता ‘किती पिता?’ हा प्रश्न. याचं उत्तर सगळीकडे एकच असतं: “थोडीच.” त्यामुळे थोडी-जास्त या भाषेत विचारूच नये. क्वार्टर, नाइन्टी, बाटली यांच्याच भाषेत विचारावं. दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक माप धरलं, तर ३० मिली व्हिस्की किंवा रम म्हणजे एक माप. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा मापं. ६५० मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे चार मापं. “मी फक्त बिअर पितो” म्हणणारा दोन स्ट्राँग बाटल्यांत क्वार्टरपेक्षा जास्त पिऊन मोकळा झालेला असतो. हातभट्टीचं मोजमाप होतच नाही. ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, ० ते ४० गुणांची. आठ किंवा त्याहून जास्त झाले की काळजी सुरू. प्रश्न साधे आहेत, पाच मिनिटं पुरतात. पण उत्तर खरं यायला हवं, आणि ते येण्यात एक मोठी आडकाठी आहे.

ती आडकाठी म्हणजे “आधी दारू सोड, मग ये.”

हे वाक्य वेगवेगळ्या तोंडून येतं. एआरटीला गेलं की म्हणतात, आधी व्यसनमुक्ती केंद्रात जा. व्यसनमुक्तीवाले म्हणतात, एचआयव्हीचं आधी मार्गी लाव. मानसोपचाराच्या ओपीडीत म्हणतात, महिनाभर दारू बंद ठेवून ये, मग डिप्रेशन आहे का बघू. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला वाटतं, शिस्त लागेल. प्रत्यक्षात माणूस दोनच गोष्टी शिकतो. एक, न येणं. दुसरी, खोटं बोलणं. “सोडली साहेब, दोन महिने झाले.”

या खोट्याची किंमत औषधांत मोजता येते. एचआयव्ही असलेल्या माणसाला टीबी होऊ नये म्हणून आयसोनायाझिड देतात, रोज ३०० मिलिग्रॅम, सहा महिने, सोबत बी६. रोज भरपूर पिणाऱ्याला ते देत नाहीत, कारण दारू आणि आयसोनायाझिड दोन्ही मिळून लिव्हर पोळतात. पायाला मुंग्या, तळव्यांची आग हेही दोघांचं सामायिक काम, आणि एचआयव्ही स्वतः त्यात भर घालतो. “सोडली” असं सांगितलेल्या माणसाच्या हातात ही गोळी पडते. सहा-आठ आठवड्यांनी भूक जाते, मळमळतं, डोळे पिवळे होतात, आणि तो सगळ्याच गोळ्या बंद करून घरी बसतो. चूक त्याची म्हणायची? खरं सांगितलं असतं तर टेबलावरून उठवलं जाईल असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटायला कारण होतं.

२०१७ पासून देशात नियम असा आहे की तपासणीत एचआयव्ही सापडला की सीडी४ कितीही असो, उपचार सुरू करायचे. दारू किंवा गर्द (ब्राउन शुगर) चालू आहे हे उपचार अडवण्याचं कारण होत नाही. १ एप्रिल २००४ रोजी देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू झाली, त्यात मुंबईचं जे.जे. होतं. त्या वेळी औषधं मोजकी होती, गोळ्या जास्त होत्या, आणि थोड्या खंडानेही विषाणू औषधाला सरावायचा. ‘आधी तयारी, मग औषध’ या विचाराला तेव्हा काही आधार होता. डोल्युटेग्राविर त्या मानाने फार दमदार औषध आहे. एखाददुसरा दिवस चुकला तरी सांभाळून घेतं. औषध माफ करायला शिकलं, आपणही शिकायला हवं.

दारू सोडायची तयारी झाली तर तीही नीट व्हायला हवी. आपल्याकडे श्रावणात सोडतात, माळ घालून सोडतात, देवाची शपथ घेऊन सोडतात. या संकल्पांमध्ये खरी ताकद आहे, कितीतरी घरं त्याने सावरली आहेत. पण रोज सकाळी उठल्या उठल्या ज्याला लागते, त्याने एकदम बंद केली तर सहा-आठ तासांत थरथर, घाम, छातीत धडधड. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम: अंथरुणावर मुंग्या दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणं चालू होतं, ताप चढतो. घरच्यांना वाटतं, देवाचं काहीतरी चुकलं. तो डेलिरियम असतो आणि त्यात माणूस दगावतो. म्हणून संकल्प देवासमोर करावा आणि पहिले पाच-सात दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढावेत. थरथर आणि फिट आवरणाऱ्या क्लोरडायझेपॉक्साइडचा उतरता डोस, लिव्हर फारच खराब असेल तर लोराझेपाम, आणि थायमिन.

थायमिनवर थोडं थांबायला हवं. अशक्त झालेल्या, चार दिवस न जेवलेल्या पिणाऱ्या माणसाला घेऊन घरचे जवळच्या डॉक्टरांकडे जातात आणि म्हणतात, “एक बाटली चढवा.” चढते ती बहुतेक ग्लुकोजची. त्या शरीरात थायमिनचा, म्हणजे बी१ चा, साठा संपलेला असतो, आणि ग्लुकोज जाळायला नेमकं तेच लागतं. उरलंसुरलं तेवढ्यात खलास होतं आणि मेंदूला इजा होते: गोंधळ, डोळ्यांची हालचाल बिघडणं, पाय फाकवून झोकांड्या खात चालणं. वेळेत सापडलं तर शिरेतून मोठ्या मात्रेत थायमिन देऊन बरं होतं. उशीर झाला तर स्मृती कायमची अधू होऊ शकते. बाटली चढवण्याआधी थायमिनचं इंजेक्शन, एवढाच क्रम. झोकांड्या बघून “प्यायलाय” म्हणणाऱ्यांनी निदान तोंडाला वास आहे का ते तरी बघावं.

हे ‘प्यायलाय’ लेबल एचआयव्हीमध्ये जास्तच घातक. सीडी४ शंभराच्या खाली गेलेला माणूस डोकेदुखीने विचित्र वागायला लागतो, बरळतो. तो मेंदूच्या आवरणाचा क्रिप्टोकोकल (बुरशीचा) संसर्ग असू शकतो, टीबी असू शकतो, पडून डोक्यात साकळलेलं रक्त असू शकतं. त्याची ओळख दारुड्या म्हणून असेल तर तपासणी उद्यावर जाते.

फिट आली म्हणून कोणी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन सुरू केलं तर ते चिठ्ठीवरून एआरटीच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. दोन्ही औषधं रक्तातलं डोल्युटेग्राविर उतरवतात. दारू तोडताना आलेल्या फिटसाठी ती महिनोन् महिने घ्यायची गरजही सहसा नसते. चालू राहतात ती कोणी थांबवत नाही म्हणून.

आता मन. एचआयव्ही असलेल्यांमध्ये डिप्रेशन इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं, व्यसन जोडलं गेलं की आणखी. आपल्याकडे “मला डिप्रेशन आहे” असं कोणी म्हणत नाही. “अंगात कणकण असते,” “कशात जीव लागत नाही,” “डोकं जड असतं,” “झोप येत नाही म्हणून घेतो.” शेवटचं वाक्य नीट ऐकायला हवं. दारूने झोप लवकर लागते आणि पहाटे दोन-तीनला मोडते, मग छताकडे बघत उजाडेपर्यंत पडून राहायचं. उपाय आणि आजार एकमेकांना धरून गोल फिरत राहतात.

वजन घटणं, थकवा, भूक नसणं ही लक्षणं डिप्रेशनची, टीबीची, दारूची आणि एचआयव्हीची, सगळ्यांचीच. त्यामुळे पीएचक्यू-९ सारखी डिप्रेशनची नऊ प्रश्नांची, २७ गुणांची चाचणी वापरावी आणि दहा किंवा जास्त गुण आले तर पुढचं पाऊल उचलावं. दारूमुळे आलेली उदासी दारू बंद झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते हे खरं. पण त्यासाठी उपचार रोखून धरायचे का? आधी कधी डिप्रेशन होऊन गेलं असेल, घरात कोणी आत्महत्या केलेली असेल, किंवा जीव द्यावासा वाटत असेल तर थांबू नये. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही औषधं टीएलडीबरोबर चालतात. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या दहा दिवसांत मळमळ होऊन “या गोळीने काही होत नाही” म्हणून ती सुटते. हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर टिकते. झोपेसाठी अल्प्राझोलाम मात्र दारूबरोबर श्वास मंदावतं आणि स्वतःच एक नवं व्यसन होऊन बसतं.

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न जीव देण्याच्या विचाराचा आहे. तो विचारायला लोक कचरतात, विचारलं तर डोक्यात भरवल्यासारखं होईल म्हणून. तसं होत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा श्वास घेतो. आणि “प्यायल्यावर बोलतो तो, काय मनावर घ्यायचं” हे तर कृपा करून कोणी म्हणू नये. दारूने हात मोकळा होतो. शुद्धीत अडवून धरलेलं नशेत घडतं. शेतातल्या घरात कीटकनाशकाचा डबा मोरीत किंवा पलंगाखाली असतो. तो उचलून कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. यात लाखमोलाचे काही तास मिळतात. या देशात बहुतेक वाचवलेले जीव अशाच काही तासांत वाचतात, असं मला मनापासून वाटतं.

बाईचं पिणं याहून झाकलेलं. कोणी विचारत नाही म्हणून ती सांगत नाही. नवऱ्याच्या गोळ्यांवर देखरेख तिच्याकडे, तिच्या स्वतःच्या गोळ्यांवर कोणाचीच नाही. तिला विचारताना नवऱ्याला बाहेर बसवावं, एवढी एक गोष्ट केली तरी बरंच बाहेर येतं.

गर्दचं गणित वेगळं. भारतात इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण २०२१ च्या सरकारी पाहणीत ९ टक्क्यांच्या आसपास होतं, सर्वसाधारण प्रौढांमध्ये ते ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. मुंबईत गर्द पन्नीवर ओढणारे बरेच, टोचणारे त्या मानाने कमी, पण पैसे संपत आले की ओढणारा टोचण्याकडे वळतो, कारण थोड्यात भागतं. यांच्यासाठी बुप्रेनॉर्फिन आहे. गर्दची तलफ भागवणारी, जिभेखाली ठेवायची गोळी, ओएसटी म्हणजे गर्दच्या जागी औषध देणाऱ्या केंद्रात रोज समोर बसवून देतात, बहुतेकदा चुरून. पाच ते दहा मिनिटं विरघळायला लागतात. तेवढा वेळ बोलायचं नाही, पाणी नाही, गिळायची नाही. गिळली तर फार थोडी लागू पडते आणि मग “डोस कमी आहे” अशी तक्रार येते. पहिला डोस घाईने द्यायचा नाही. शेवटचा गर्द ओढून आठ ते बारा तास व्हायला हवेत, जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा दिसायला हवा. त्याआधी दिलं तर बुप्रेनॉर्फिन उरलेल्या गर्दला ढकलून बाहेर काढतं आणि ज्या ‘टर्की’ला, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासाला, माणूस घाबरतो, तीच क्षणात अंगावर येते. असा एक अनुभव आला की तो पुन्हा फिरकत नाही, वर चार जणांना सांगतो. सुरुवात दोन ते चार मिलिग्रॅमने, तासा-दोन तासांनी बघून पुढचं.

ती दहा मिनिटं सोन्यासारखी आहेत. माणूस समोर बसलेला आहे, रोज येणार आहे. बुप्रेनॉर्फिन विरघळलं की घोटभर पाणी आणि तिथेच टीएलडी. जिथे दोन्ही एका खिडकीत मिळतात तिथे वेगळी देखरेख लागतच नाही.

याच माणसाला टीबी निघाला की सगळं अवघड होतं, आणि ते आधी माहीत नसेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. टीबीचं रिफाम्पिसिन लिव्हरला जोरात कामाला लावतं. बुप्रेनॉर्फिन लवकर जळतं, डोल्युटेग्राविरही लवकर जळतं. आठ-पंधरा दिवसांत अंग तुटायला लागतं, झोप जाते, जुलाब होतात. माणूस म्हणतो, टीबीच्या गोळ्या सोसत नाहीत. टीबीचे कार्यकर्ते म्हणतात, गर्दुल्ला आहे, बहाणे करतो. तो टीबीच्या गोळ्या टाकतो, गर्द पुन्हा सुरू करतो, एआरटी सुटते. तीन केंद्रांच्या तीन रजिस्टरांत तीन वेगळ्या नोंदी होतात, आणि कारण एकच असतं. उपाय ठरलेला आहे. रिफाम्पिसिन सुरू होतानाच ओएसटीच्या डॉक्टरांना कळवायचं, त्रास दिसला की डोस वाढवायचा. सकाळी टीएलडी आणि बारा तासांनी डोल्युटेग्राविर ५० ची एक जादा गोळी, रिफाम्पिसिन संपल्यावर आणखी दोन आठवड्यांपर्यंत. आणि रिफाम्पिसिन थांबलं की वाढवलेलं बुप्रेनॉर्फिन हळूहळू उतरवायचं, नाहीतर गुंगी येते, वर दारू असेल तर श्वासावर बेतते.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, घेणाऱ्यांचं दुखणं जागरणाचं. दोन-दोन, तीन-तीन दिवस झोप नाही, तारीख-वाराचं भान नाही, मग गोळी कुठून आठवणार. त्यात कोणी दुसऱ्या फळीच्या औषधांवर, म्हणजे पहिली चालेनाशी झाल्यावर देतात त्या रिटोनाविर असलेल्या गोळ्यांवर असेल तर ते औषध अशा नशा शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाही. नेहमीचा डोस दुपटी-तिपटीसारखा चढू शकतो. हे त्यांना कोणीतरी न रागावता सांगायला हवं.

सगळ्यात मोठा खंड व्यसनमुक्ती केंद्रात भरती होताना पडतो. माणूस एचआयव्ही लपवतो, डबी घरी ठेवतो आणि महिना, तीन महिने विनागोळी काढतो. बरा होऊन बाहेर येतो तेव्हा दारू नसते आणि रक्तात विषाणू उसळलेला असतो. भरती होण्याआधी एआरटी सेंटरला सांगून तीन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्याव्यात. ऊसतोडीला जाणाऱ्यांनीही दिवाळीच्या आसपास हेच करावं, कारखान्याजवळचं लिंक एआरटी केंद्र, म्हणजे मोठ्या सेंटरला जोडलेलं छोटं केंद्र, कोणतं ते आपल्या उपचाराच्या हिरव्या पुस्तकात लिहून घ्यावं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, उपचार नाकारणं, संमतीशिवाय तपासणी आणि संमतीशिवाय कोणाला सांगणं यांना मनाई केली आहे. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात व्यसनाशी जोडलेले मानसिक आजारही येतात, त्यामुळे बांधून ठेवणारं, मारणारं केंद्र बेकायदाच. एचआयव्हीसाठी १०९७, व्यसनासाठी १४४४६, मनासाठी टेलि-मानस १४४१६.

दवाखान्यात किंवा कोठडीत काही आठवडे काढून आलेल्या गर्द घेणाऱ्याला आणखी एक गोष्ट बजावून सांगावी. शरीराची सवय गेलेली असते. जुनाच डोस घेतला तर श्वास थांबतो. ओठ निळे, घोरल्यासारखा आवाज दिसला की श्वास द्यायचा, तो सुरू झाला की कुशीवर वळवायचं, नॅलोक्सोन (गर्दचा असर उलटवणारं औषध) मिळेल तिथे न्यायचं. पोलिसांच्या भीतीने त्याला टाकून पळू नये.

परत त्या टेबलाकडे. आठ गोळ्या उरलेल्या माणसाला त्या दिवशी दारूबद्दल व्याख्यान दिलं नाही, फक्त दोन गोष्टी ठरवल्या. गोळी सकाळच्या चहाबरोबर. आणि दोन गोळ्या शर्टाच्या खिशात, कोरड्या बारक्या डबीत, म्हणजे रविवारी सकाळी दुसऱ्याच्या खोलीवर जाग आली तरी गोळी जवळ असेल. चुन्याच्या डबीत नको, ओल लागते. मोठी डबी खुळखुळते म्हणून कोणाला कळेल अशी भीती असेल तर आत कापूस घालायचा, ओल शोषणारी पुडी काढायची नाही. बाकी पुढच्या वेळी बोलू.

पुढच्या महिन्यात डबी उपडी झाली तेव्हा दोन गोळ्या निघाल्या. दोन्ही बुधवारच्या.

“दादा, बुधवारी काय असतं?”